वैयक्तिक कारणास्तव

भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे लोक काही ठरावीक कामे घेऊन येतात. लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन, निवृत्त होणाऱ्याचे मानपत्र, शोकसभेचा ठराव आणि अधूनमधून राजीनामा. यांपैकी राजीनाम्याकडे आम्ही फार काळ केवळ एक कार्यालयीन कागद म्हणून पाहिले. त्याचे संकेत ठरलेले, त्याची भाषा ठरलेली. आपण फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहावे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती, असे आता वाटते.

काही वर्षांपूर्वी एका खासगी शाळेतील तरुण शिक्षक आमच्याकडे पाच पानी राजीनामा घेऊन आले. ‘सर, तुम्ही भाषेचे. जरा बघून द्या,’ एवढेच म्हणाले. उत्तरपत्रिकेतील गुण वाढवून देण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यानंतर त्यांचे वर्ग काढून घेण्यात आले आणि त्यांना कार्यालयात कागद लावत बसवण्यात आले. ही सारी हकीकत त्या पाच पानांत होती. आम्ही विशेषणे काढली, मग प्रसंग काढले, शेवटी हकीकतच काढली. सात ओळी उरल्या. पहिली ओळ आम्ही घातली : ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ ते वाचून थांबले. म्हणाले, ‘पण सर, कारण वैयक्तिक नाही ना.’ आम्ही म्हणालो, ‘असंच लिहितात.’

असेच लिहितात, हे खरे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने संकेताचे समर्थन एवढ्यावर थांबवू नये. संकेत कोणाच्या सोयीचा आहे, हेही त्याने विचारले पाहिजे.

प्रथम शब्दच पाहू. ‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा लेख, संमतिपत्र. हिंदी भाषक नोकरी सोडताना ‘इस्तीफा’ देतात. तिकडे ‘राजीनामा’ म्हणजे कोर्टकचेरीतील तडजोडीचा लेख. मराठीत जमिनीच्या व्यवहारात जुना खातेदार राजीनामा देई आणि नवा कबुलायत लिहून देई. हक्क सोडण्यास मी राजी आहे, असा त्या कागदाचा अर्थ. नोकरीच्या राजीनाम्यात तोच अर्थ पुढे चालत आला. पंचाईत अशी की हा राजीपणाचा लेख बहुधा नाराज माणसाला लिहावा लागतो, आणि खाली ‘आपला विश्वासू’ म्हणून सही करावी लागते.

म्हणून राजीनाम्यात मनातले सारे लिहावे, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या सार्वजनिक इतिहासात राजीनाम्याच्या निरनिराळ्या रीती दिसतात. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा आजीव सदस्यांचे बाहेरचे काम आणि उत्पन्न यांवरील वाद त्यांनी सविस्तर मांडला. संस्थेच्या उभारणीत ज्याचा हात होता, त्याला तो हिशेब देणे आवश्यक वाटले. याउलट सुभाषचंद्र बोस यांनी एप्रिल १९२१ मध्ये भारतमंत्र्यांना लिहिलेले आय.सी.एस.चे त्यागपत्र अगदी मोजके आहे. उमेदवारांच्या यादीतून नाव काढावे, आणि मिळालेला शंभर पौंडांचा भत्ता परत करू, एवढाच त्याचा मतलब. कारणे त्यांनी आपल्या थोरल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रांत मांडली होती. सरकारला ती सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो डॉ. आंबेडकरांचा राजीनामा. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधानांना पत्र दिले. कारणांचे निवेदन ते ऑक्टोबरात सभागृहात करणार होते. निवेदनाची प्रत आधी द्यावी, असा आग्रह उपसभापतींनी धरला, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. मागासवर्गीयांविषयीची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड बिल अशी कारणे त्यात क्रमाने आहेत. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. प्रकृती बरी नसल्यामुळे आपण पद सोडले, हा समज त्यांनी त्यात स्पष्टपणे खोडून काढला. प्रकृती खरोखरच ठीक नव्हती. तरीही ते कारण त्यांनी स्वतःला चिकटू दिले नाही. वैयक्तिक कारण हाताशी तयार असताना सार्वजनिक कारण सार्वजनिकच राहिले पाहिजे, हा तो आग्रह होता.

यावर कोणी म्हणेल, मंत्र्याला सभागृह असते, वृत्तपत्रे असतात. शिक्षकाजवळ तो एक कागदच असतो. त्याला पुढची नोकरी शोधायची असते, अनुभवाचा दाखला आणि थकलेले वेतन त्याच संस्थेकडून घ्यायचे असते. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही त्या दिवशी तसे वागलो. परंतु दुबळ्याच्या बाजूने विचार करायचा तर कायद्याने या कागदाकडे कसे पाहिले आहे, तेही पाहावे.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्याचे सातवे कलम राजीनाम्याविषयी आहे, आणि ते एखाद्या वाङ्मयप्रकाराची व्याख्या करावी तसे लिहिले आहे. पत्र दोन प्रतींत असावे, दोन्ही प्रतींवर सही असावी, तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवावी व दुसरी आपल्याजवळ ठेवावी. १९८१ च्या नियमांत कायम कर्मचाऱ्यासाठी तीन महिन्यांची आणि इतरांसाठी एक महिन्याची पूर्वसूचना सांगितली आहे. तारीख आणि टपाल यांचा एवढा काटेकोरपणा कशासाठी? नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करून घेता येते, केबिनमध्ये बसवून तो लिहवून घेता येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. टपालाचा शिक्का म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्यानेच, स्वतःच्या इच्छेने पाठवले, याचा पुरावा. राजीनामा देणारा खरोखर राजी आहे ना, हे पाहण्याची ती व्यवस्था आहे. येथे आकृतिबंध बेडी ठरत नाही, तो ढाल होतो.

आणि त्या कलमात कारण लिहिण्याची अट नाही. आमचा सारा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. तारीख, पद, पूर्वसूचना, कार्यभार सोपवणे एवढ्याने पत्र पुरे होते. कारण न देणे हा मौनाचा हक्क आहे. खोटे कारण देणे ही मात्र साक्ष आहे, आणि ती आपणच आपल्याविरुद्ध दिलेली असते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द संस्थेचा दोष उचलून सोडून जाणाऱ्याच्या घरात नेऊन ठेवतात. ज्याचे कारण खरोखर घरातले आहे, त्याने ते अवश्य लिहावे. इतरांनी ती जागा कोरी ठेवावी. हकीकत सांगायची असेल तर ती वेगळ्या निवेदनात, तारखांसह, विशेषणांशिवाय लिहावी आणि तिचीही प्रत जपावी. ते निवेदन आज द्यायचे की कधीच नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा सल्लाही सर्वांच्या उपयोगी नाही, याची आम्हाला जाणीव आहे. आमच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना राजीनामा लिहिण्याचा प्रसंगही येत नाही. वर्ष संपते, नेमणूक संपते. सोडून जाण्याचा कागददेखील ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

त्या तरुण शिक्षकांनी आमच्या सात ओळी सही करून दिल्या. राजीनामा लगेच मंजूर झाला. वैयक्तिक कारणास्तव पद रिक्त झाल्याची नोंद झाली, आणि गुणांचा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण तो विचारण्याजोगा एकही शब्द कागदावर उरला नव्हता. तो आम्ही उरू दिला नव्हता. संपादन चांगले झाले होते. आम्ही आज त्या पत्रावर बसलो असतो, तरी सात ओळींच्या सहाच केल्या असत्या. आणि ती पाच पाने तारखा घालून जपून ठेवा, असे त्यांना सांगितले असते.