पानातली चतकोर भाकरी

चैत्रात नणंदेकडं साताऱ्याला गेले होते. सांगलीहून निघताना भाचीसाठी भडंगाचा पुडा घेतला. लहानपणी एसटी कराडला पोचायच्या आत ती निम्मा पुडा संपवायची. या वेळी तिनं तो घेतला, "थँक्यू मामी" म्हणाली आणि तसाच टेबलावर ठेवून दिला.

दुपारी पानं वाढली. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. पोरीनं चतकोर भाकरी घेतली, तीही बोटांनी कुस्करत बसली आणि "झालं माझं" म्हणून उठली. बाहेर ऊन रखरखत होतं आणि हिच्या अंगात स्वेटर! न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकलेले. मी स्वयंपाकघरात वन्संना विचारलं. त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, चार महिने झाले, पाळी नाही. पण आत्ता डॉक्टर नको. दिवाळीनंतर स्थळं बघायचीत. बाहेर कळलं तर काय सांगू?"

माझ्या पोटात धस्स झालं.

रात्री गच्चीवर भाचीनं मला मोबाइल दाखवला. कोरियातल्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या मुली. एकसारख्या उंच, एकसारख्या काडीसारख्या. त्यातली आयू ही फार मोठी गायिका. बारीक होण्यासाठी दिवसभरात एक सफरचंद, थोडी रताळी आणि प्रथिनांचं पेय एवढंच घेतल्याचं तिनंच सांगितलं होतं. अहो, आपल्या एकादशीला याहून जास्त पोटात जातं! भाचीनं हा आहार वहीत लिहून ठेवला होता. पण त्याच आयूनं पुढं हेही सांगितलं, की खात सुटायचं आणि मग उलट्या करायच्या, असा आजार जडला आणि उपचार घ्यावे लागले. ते मात्र वहीत नव्हतं.

तिथल्या कंपन्या कोवळ्या वयात मुलींना शिकायला घेतात, वजनावर नजर ठेवतात. 'ओह माय गर्ल' या गटातली जिन-ई 2016 साली अॅनोरेक्सियामुळं, म्हणजे अन्न नाकारण्याच्या आजारामुळं, कामातून बाजूला झाली आणि 2017 मध्ये तिनं गटच सोडला. हा आजार काही कोरियाचाच नव्हे. अमेरिकेची गायिका करेन कार्पेंटर 1983 साली अवघ्या 32 व्या वर्षी याच आजारापायी गेली.

मी म्हटलं, "बघ, या पोरींचं अनुकरण करून काय झालं तुझं!"

ती शांतपणे म्हणाली, "मामी, मी यांच्यामुळं नाही सुरू केलं. दादाच्या लग्नात सगळ्यांसमोर तूच म्हणालीस, आता जरा आवर, नाहीतर शालू शोभायचा नाही. सगळे हसले. मीही हसले."

मैत्रिणींनो, मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. तिला मात्र ते पाठ होतं. कोरियात वजनकाटा कंपनीच्या हाती असतो. आपल्या घरात तो आपल्या जिभेवर असतो. "गोरी, सडपातळ वधू पाहिजे" ही जाहिरात आपणच वाचतो आणि त्या मापात आपलीच लेक बसवायला निघतो.

आणि हे माप तरी कायमचं कुठं असतं? बालगंधर्व आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, जन्म 1888 चा. रंगभूमीवर ते स्त्रीभूमिका करायचे आणि त्यांचं शालू नेसणं, दागिने घालणं पाहून घरंदाज बायका तसं करायला शिकल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे त्या काळी एका पुरुषानं दाखवलं! ते काही काडीसारखे नव्हते. पुढं वय झालं, अंगानं सुटले, तरी लोक त्यांच्या गाण्यासाठी येतच राहिले. तेव्हा भरलेलं अंग चाललं, आज चालत नाही. उद्या आणखी काही निघेल. त्या बदलत्या मापापायी आपल्या पोरीच्या हाडांची माती करायची का?

उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू खातं. मग पाळी थांबते, केस गळतात, सारखी थंडी वाजते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोकेही मंदावतात. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी, त्यात ही भर.

घरात असं काही दिसलं तर एवढं करा. तीन महिने पाळी आली नाही, तर लपवू नका, डॉक्टरांकडं न्या. "खा, खा" म्हणून एकदम ताट भरू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपूर खाणं बाधू शकतं. किती आणि कसं वाढवायचं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. हा हट्ट नाही, मनाचाही आजार आहे. त्यासाठी सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. जेवताना वजनाचा विषय काढू नका, स्वतःच्याही नाही. "मी किती जाड झाले बाई" हे आपण आरशाला सांगतो, पण ऐकते मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना म्हटलं, "स्थळं थांबतील. पोर थांबायची नाही." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग कपाटातून साडी काढली आणि म्हणाल्या, "चला, तुम्हीपण या बरोबर." भाचीची मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण दवाखान्यात माझा हात धरून बसली.

परवा वन्संचा फोन आला. पाळी अजून आलेली नाही, औषधं चालू आहेत, आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जातात. पण काल पोरीनं अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी खाल्ली. कुणी तिच्या पानाकडं बघत बसलं नाही, गप्पा चालू होत्या.

आज रात्री तुमच्या घरी पानं मांडाल, तेव्हा गप्पा कसल्याही काढा. फक्त कुणाच्या अंगावर बोलू नका.