मियावाकी म्हणजे बॅकअप नव्हे!

हल्ली कुठेही झाडं तोडायची निघाली की एक उत्तर तयारच असतं. "अहो, आपण मियावाकी करतोय ना!" जणू बॅकअप घेऊन ठेवलाय, ओरिजिनल डिलीट केलं तरी काय बिघडलं?

मियावाकीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत साधी: त्याच भागातली झाडं निवडायची, माती भुसभुशीत करून खत घालायचं, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावायची, दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं, तण काढायचं आणि मग बाजूला व्हायचं. भारतात ती लोकप्रिय केली शुभेंदु शर्मा या टोयोटातल्या इंजिनिअरने. नोकरी सोडून २०११ मध्ये त्याने 'ॲफॉरेस्ट' काढली. मुंबई महापालिकेनेही २०२० पासून अशी वनं लावली. सोसायटीच्या कोपऱ्यात डेब्रिज साठण्यापेक्षा हे केव्हाही उत्तम.

पण भरपाई? आपल्या पनवेलजवळचं कर्नाळा घ्या. १९६८ सालचं पक्षी अभयारण्य, २००३ मध्ये वाढवल्यावर साधारण १२ चौरस किलोमीटर. गणित करू. १ कोटी २० लाख चौरस मीटर, गुणिले ३, म्हणजे ३ कोटी ६० लाख रोपं. समजा, लावलीत. मग तिबोटी खंड्या येईल? हा चिमुकला पक्षी पावसाळ्यात तिथे वीण करतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून घरटं करतो, पिल्लांना सरडे-खेकडे भरवतो. त्याला ओढा हवा, दरड हवी, डोक्यावर दाट सावली हवी. खारघरच्या कुंपण घातलेल्या प्लॉटमध्ये यातलं काय देणार आहात?

लावलेल्या रोपांचा आकडा मिरवणं म्हणजे कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामरला प्रमोशन देणं. प्रोग्राम चालतो का, ते कोण बघणार?

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी ऑफिसातून 'शनिवारी वृक्षारोपण, टी-शर्ट मिळेल' असा मेल आला, तर जरूर जा, पण तीन प्रश्न विचारा. एक, रोपं कुठली? कर्नाळ्यात दिसतात तशी उंबर, आसाणा, कोशिंब, कळम, की नर्सरीत स्वस्त मिळाली ती? दोन, येत्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, नावानिशी? तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: या रोपांच्या बदल्यात कुठे काही तोडलं जातंय का?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर टी-शर्ट परत करा. फोटोत हसत उभं राहून त्या तोडीवर सही करायची काही गरज नाही.

बाकी ज्यांना खरंच चार झाडं जगवायची आहेत, त्यांनी जागा शोधा. खड्डे खणायला मी येतो.