गाव कुठलं? गुलमंडी!

मंडळी, तुमचे पासवर्ड किती? मी परवा मोजायला बसले आणि एकोणिसाव्याला हात टेकले. ऑफिसचा मेल, घरचा मेल, वीजबिल, रेल्वे, डिमॅट, शिवाय सिनेमे बघायचं ते वेगळंच. एवढे लक्षात कोण ठेवणार? मग आपली ठरलेली रेसिपी: टोपणनाव, त्यापुढे एमएच-२० किंवा ४३१००१. झाला पासवर्ड! ज्याला गाडीची नंबरप्लेट वाचता येते, त्या चोराला याहून सोपं काय असणार?

पण खरा घाम फुटतो तो पासवर्ड विसरल्यावर. गेल्या वर्षी बाबांना अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. रात्रीचे अकरा. बाबा आयसीयूत, बाहेर काउंटरवाला पॉलिसीची कॉपी मागतोय आणि ती कॉपी विमा कंपनीच्या पोर्टलवर, बाबांच्या लॉगिनमध्ये. पासवर्ड त्यांच्या डोक्यात. ‘विसरलात?’ वर क्लिक केलं तर प्रश्न आला, तुमचा जन्म कुठल्या शहरात झाला?

एवढंच ना! मी टाकलं, औरंगाबाद. चूक. मग आठवलं, २०२३ च्या फेब्रुवारीत नाव बदललं. टाकलं, छत्रपती संभाजीनगर. चूक. आता एकच संधी उरली होती. तसं या गावाला नावांची सवय आहे. आधी खडकी, मग फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद. पण बाबा काही मलिक अंबरच्या काळात जन्मले नव्हते!

रडकुंडीला येऊन आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, ‘अगं, ह्यांना कुणी गाव विचारलं की ते काय सांगतात? गुलमंडी.’

‘आई, ते शहर आहे का?’

‘टाक तू. आणि शेवटी आय घाल, वाय नाही. दुकानाच्या पाटीवर आय होता.’

उघडलं!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरला खरं उत्तर नको असतं. तुम्ही त्या दिवशी जे लिहिलं, तेच त्याला अक्षर न् अक्षर हवं असतं. ते आईला माहीत होतं म्हणून निभावलं. माझे एकोणीस पासवर्ड कुणाला माहीत आहेत? कुणालाच नाही.

म्हणून त्या आठवड्यात तीन कामं केली. एक, रेसिपी बदलली. आकडा, कॅपिटल अक्षर, विचित्र चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी बदल, हा जाच आठवतो? ते नियम २००३ साली अमेरिकेत लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये स्वतःच कबूल केलं, की त्यातलं बरंचसं चुकलं. आता सल्ला असा, की पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, आणि प्रत्येक खात्याला वेगळे.

दोन, सगळे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकले. आता पाठ करायचा तो फक्त त्याचा एक. शिवाय मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरं कुलूप आहेच.

तीन, एक बंद पाकीट आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. पॉलिसी कुठली, खाती कुठे, मॅनेजरची किल्ली काय, सगळं त्यात. बँकेचा पिन आणि ओटीपी मात्र कुणालाच नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. खात्याला नॉमिनी लावलाय, तो त्यासाठीच.

बाबा आता ठणठणीत आहेत. घरी आल्यावर मी विचारलंच, ‘बाबा, शहर विचारलं होतं, तुम्ही गल्ली काय लिहिलीत?’

चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, ‘शहरच विचारलं होतं ना? मग!’