पंचांकडे चाडी नेणे थांबवावे : ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील समाजबांधवांस जाहीर आवाहन

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत राहणाऱ्या आणि आपापल्या ज्ञातीच्या, पंथाच्या किंवा धार्मिक समाजाच्या शिस्तीत वाढलेल्या सर्व स्त्री-पुरुषांस असे आवाहन करण्यात येत आहे की, समाजातील एखाद्याच्या खाण्यापिण्याची, पेहरावाची, मैत्रीची, लग्नाची किंवा उपासनेची खबर पंच, विश्वस्त, धर्मगुरू वा पुढारी यांच्या कानांवर घालण्याची जी रीत रुळली आहे, तिच्यातून त्यांनी आपले अंग काढून घ्यावे. हे आवाहन कोणत्याही एका धर्माविरुद्ध वा जातीविरुद्ध नाही. ज्या समाजात नियम कडक आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची असतात, अशा प्रत्येक समाजाला ते लागू आहे.

चाडी म्हणजे एखाद्याच्या पाठीमागे त्याच्या वागण्याची तक्रार अशा माणसाकडे नेणे, की ज्याच्या हाती त्याला शिक्षा करण्याची सत्ता आहे. ओट्यावरच्या किंवा लोकलच्या डब्यातल्या सामान्य गप्पा आणि चाडी यांत हाच फरक आहे. मात्र ही सीमारेषा पुसट असते, कारण गप्पांत निघालेली गोष्ट चौथ्या-पाचव्या तोंडी पंचांपर्यंत पोहोचते आणि तोवर 'दोघे बोलत उभे होते' याचे 'दोघे लग्न करणार आहेत' असे झालेले असते. पंचांना पगारी हेर ठेवावे लागत नाहीत. मावशी, चुलते, शेजारीण, देवळातला किंवा मशिदीतला नेहमीचा परिचित, विवाह जुळवणारा मध्यस्थ, यांच्यापैकी कोणीतरी स्वखुशीने आणि बहुधा 'त्यांच्याच भल्यासाठी' म्हणून ते काम करतो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईची गर्दी लोटते, त्या गर्दीत आपल्या समाजातील एखादी मुलगी परजातीच्या मुलाबरोबर कोणाला दिसते, दुरूनच मोबाइलवर छायाचित्र टिपले जाते, ते ज्ञातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ओळखा पाहू' अशा मजकुरासह येते आणि मुलगी घरी पोहोचण्यापूर्वी तिच्या वडिलांना समाजाच्या कार्यालयात बोलावल्याचा फोन वाजतो. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी किंवा कल्याण स्थानकाच्या पुलावर हेच घडू शकते. ज्याने छायाचित्र काढले त्याला त्या मुलीचे नावसुद्धा नीट ठाऊक नसते आणि पुढे तिच्या शिक्षणाचे, नोकरीचे किंवा लग्नाचे काय झाले, हे जाणून घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर कधी येत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात शहरातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेतला. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरी खाल्ल्याप्यायल्याबद्दल चाळीसहून अधिक गृहस्थांवर ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे ज्ञातीने धर्मबाह्य आचाराबद्दल एखाद्याविरुद्ध चालवलेला खटला. त्यात दोषी ठरलेल्याशी रोटीबेटीचा व्यवहार तुटतो आणि त्याच्या घरच्या कार्याला भटजी मिळत नाही. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगण्यात आली. त्या यादीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते, म्हणजे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे असलेल्या दोघांनाही एकाच यादीने एका पंक्तीला आणून बसवले. आणि दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. त्या काळात रानड्यांच्या घरात जी घालमेल झाली, ती रमाबाई रानडे यांच्या आठवणींमधून मराठी वाचकाला परिचित आहे. उच्च न्यायालयात पुढे न्यायाधीश झालेल्या माणसालाही एका पेल्याचा जाब द्यावा लागला, तेथे रेल्वेत नोकरी करणाऱ्या किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची पंचांपुढे काय स्थिती होत असेल, याची कल्पना यावी.

या प्रकरणाचा कल्याणशी जवळचा संबंध आहे. चहाचा तो प्रसंग घडवून आणण्यात आणि नावे उघड करण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते गोपाळ विनायक जोशी हे एके काळी कल्याणच्या टपाल कचेरीत नोकरीला होते आणि १८६५ मध्ये जन्मलेल्या व कल्याणातच वाढलेल्या यमुनेशी, म्हणजेच पुढच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याशी, त्यांचा विवाह झाला होता. पत्नीला शिकवणे आणि तिला बरोबर घेऊन रस्त्याने जाणे एवढ्यावरून या दांपत्याने गावोगावी लोकांची कुजबुज आणि टवाळी सोसली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथील महाविद्यालयात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी हा त्रास जाहीरपणे मांडला होता. गोपाळरावांचा हेतू सुधारकांचा दुबळेपणा उघडा पाडण्याचा होता असे मानले, तरी ज्या माणसाने लोकापवादाचे चटके स्वतः सोसले त्याच्याच हातून इतरांची नावे धर्मसत्तेच्या हाती पडली, ही गोष्ट विसरता येत नाही. चाडी नेणारा दुष्टच असतो असे नाही. कित्येकदा तो स्वतः पूर्वी होरपळलेला असतो, आणि पुढच्या वेळी बोट आपल्याकडे वळू नये म्हणून ते आधीच दुसऱ्याकडे वळवतो. हे आवाहन ऐकण्याची सर्वांत अधिक गरज आहे ती अशाच माणसाला.

ठाणे जिल्ह्यातील अलीकडचे उदाहरण अंबरनाथचे आहे. कंजारभाट समाजात विवाहानंतर नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची आणि तिचा निकाल नवऱ्याने पंचांसमोर बोलून दाखवण्याची प्रथा होती. म्हणजे शयनगृहातील खबर पंचांना देणे हेच तेथे नवऱ्याचे विवाहातील पहिले कर्तव्य ठरवले गेले होते. याच समाजातील तरुण-तरुणींनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' या नावाने या परीक्षेविरुद्ध मोहीम उघडली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असे जाहीर केले. त्याच वर्षी मे महिन्यात या प्रथेला विरोध करणाऱ्या एका कुटुंबाने अंबरनाथमध्ये पोलिसांकडे तक्रार नोंदवली, की कुटुंबावर बहिष्कार टाकण्यात आला असून घरातील वृद्धेच्या अंत्ययात्रेलाही समाजाच्या लोकांनी येऊ नये असे बजावण्यात आले. असा बहिष्कार टिकायचा तर अंत्ययात्रेला कोण गेले, कोण दाराशी थांबून परत फिरले, कोणी फोनवर दुःख व्यक्त केले, यावर कोणाची तरी नजर असावी लागते. हुकूम पंचांचा असला, तरी त्याची अंमलबजावणी शेजाऱ्याच्या डोळ्यांनीच होते, आणि म्हणूनच हे पत्रक पंचांच्या आधी शेजाऱ्यांना उद्देशून आहे.

कायद्याची बाजू प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. सामाजिक बहिष्कार, म्हणजे ज्याला बोलीत वाळीत टाकणे म्हणतात तो, रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये विधिमंडळात स्वतंत्र कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. विवाह, अंत्यविधी किंवा धार्मिक विधी यांत अडथळा आणणे, समाजाचे सभागृह वा दफनभूमी वापरू न देणे, संबंध तोडायला लावणे, विशिष्ट पोशाखाची सक्ती करणे, नैतिकतेच्या किंवा लैंगिकतेच्या नावाखाली भेदभाव करणे, ही सर्व कृत्ये त्याच्या कक्षेत येतात. समाजाची पंचायत नोंदणीकृत असो वा नसो, तिला हा कायदा लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी आहे, आणि बहिष्काराला साहाय्य करणारा किंवा चिथावणी देणाराही तिच्यातून सुटत नाही. 'आम्ही फक्त कळवले, निर्णय पंचांचा' हा बचाव त्यामुळे वाटतो तितका भक्कम नाही. याखेरीज एखाद्या स्त्रीच्या मोबाइल, ईमेल वा इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले आहे.

धर्मसंस्थेला स्वतःची शिस्त राखण्याचा अधिकार आहे, हा युक्तिवाद पोकळ नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृतीविरोधी कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला, कारण धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याच्या संविधानातील अनुच्छेद २६च्या हक्कावर तो अतिक्रमण करतो असे बहुमताला वाटले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र त्या वेळीच भिन्नमत नोंदवले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. न्यायालयात हा वाद कसाही सुटो, शिस्त राखण्याच्या अधिकारातून एकमेकांच्या दारांना कान लावण्याचे कर्तव्य निर्माण होत नाही. उलट ज्या धर्मांच्या नावाने खबरा नेल्या जातात, त्यांनीच चाडीला पापांत गणले आहे. जैन परंपरेतील अठरा पापस्थानांत पैशुन्य म्हणजे चहाडी, अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ आणि परपरिवाद म्हणजे परनिंदा अशी तिची तीन रूपे वेगवेगळी मोजली आहेत. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात चाडी न करणे दैवी गुणांत येते. बौद्ध धम्मात फूट पाडणारी वाणी अकुशल कर्म मानली आहे. कुराणाच्या 'अल्-हुजुरात' या सूरेत दुसऱ्यावर पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे या दोन्हींस एकाच आयतीत मनाई आहे. आणि ठाण्यात १८७९ पासून ज्यांचे सिनेगॉग उभे आहे त्या मराठीभाषक बेने इस्राएल बांधवांच्या तोरेतही आपल्या लोकांत चहाड्या करीत फिरण्यास बंदी आहे.

येथे एका गोष्टीचा घोटाळा होऊ देता कामा नये. गुन्ह्याची माहिती देणे म्हणजे चाडी नव्हे. घरात स्त्रीला मारहाण होत असेल, अल्पवयीन मुलीचे लग्न ठरत असेल, एखादा धार्मिक शिक्षक वा पुढारी मुलांचे लैंगिक शोषण करीत असेल, तर गप्प राहणे हाच अपराध आहे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांबाबत तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती केली आहे. कटू अनुभव असा, की जे समाज मुलीच्या जीन्सची खबर तासाभरात पोहोचवतात, त्यांतच अशा गुन्ह्यांविषयी वर्षानुवर्षे मौन पाळले जाते आणि बोलणाऱ्यावर समाजाची बदनामी केल्याचा ठपका येतो. फरक ओळखणे कठीण नाही : ज्यात कोणाला इजा झाली आहे ते पोलिसांकडे किंवा १०९८, १८१, ११२ या मदत क्रमांकांवर न्यावे, ज्यात केवळ नियम मोडला आहे, ते ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे, आणि फारच काळजी वाटत असेल तर त्या व्यक्तीशी समोरासमोर, एकांतात आणि आपुलकीने बोलावे.

तेव्हा समाजबांधवांनी आपल्या मोबाइलमधून कोणाचेही त्याच्या नकळत काढलेले छायाचित्र पुढे पाठवू नये आणि आलेले असल्यास तेथेच पुसावे. ग्रुपचे ॲडमिन म्हणून जे काम पाहतात, त्यांनी अशा मजकुराला पहिल्याच वेळी हटकावे; 'गंमत होती' या सबबीवर तो राहू देऊ नये. विवाह जुळवताना 'मुलगी कोणाशी बोलत होती का' अशी तिसऱ्याकडे चौकशी करणाऱ्या वरपक्षाला मध्यस्थांनी नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. पंच आणि विश्वस्तांस विशेष विनंती अशी की, त्यांनी निनावी पत्रे आणि ऐकीव तक्रारी स्वीकारणार नाही असे कार्यालयाच्या फलकावर लिहून लावावे, आजवर जमलेले अर्ज व छायाचित्रे ज्यांची आहेत त्यांना परत करावीत किंवा त्यांच्यासमोर नष्ट करावीत, आणि पूर्वी ज्या कुटुंबांशी संबंध तोडायला लावले असतील त्यांच्या घरी स्वतः जाऊन येत्या लग्नसराईतली पहिली निमंत्रणे द्यावीत. ज्यांच्यावर आज बहिष्कार चालू आहे, त्यांनी एकटे पडू नये; त्यांना किंवा त्यांच्या घरातील कोणालाही जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते, आणि ज्या शेजाऱ्याने खबर नेली होती त्याने मनात आणले, तर तोच त्या तक्रारीचा सर्वांत भक्कम साक्षीदार होऊ शकतो.