सुवर्ण १९७२ चं, ओळख २०२४ ची

मुरलीकांत पेटकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आल्यावर पहिल्यांदा ऐकलं. “हे खरंच घडलंय का हो?” असं विचारणारेही भेटले. घडलंय, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाच्या बाबतीत.

पेटकर सांगली जिल्ह्यातले. सैन्यात ईएमई दलात होते, आणि मूळचे बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरलेला हा जवान १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहला. सुवर्णपदक, तेही जागतिक विक्रमासह! ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ साली, अभिनव बिंद्राचं. म्हणजे पेटकर त्याच्या ३६ वर्षं आधी.

आणि दखल? पद्मश्री २०१८ मध्ये. अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये. खाशाबा जाधवांना तर अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

पण माझी तक्रार पुरस्काराच्या उशिराची नाही. पेटकरांचं आयुष्य पुरस्कारावाचून अडलं नाही. पुण्यात टेल्कोत नोकरी करून ते स्वाभिमानानं जगले. अडलं ते इतरांचं. पेटकरांनंतर पॅरालिम्पिकचं दुसरं सुवर्ण यायला २००४ उजाडलं, देवेंद्र झाझडियाचं. मधल्या ३२ वर्षांत किती अपंग मुलांना ‘आपल्यालाही जमेल’ हे सांगणारं कुणी नव्हतं, याचा हिशेब कोण देणार?

शाळेत खेळाच्या तासाला असं मूल बहुधा कपडे-दप्तरं सांभाळत बसतं. सगळे त्याला दया म्हणतात. माझ्या मते ती दया नव्हे, आपली सोय आहे.

आपल्या उल्हासनगरात पत्ता अजून कॅम्प नंबरानेच सांगतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीची ती खूण. शेजारी अंबरनाथला लष्करी साहित्याचा कारखाना. जवानांचं कौतुक आपल्याला शिकवावं लागत नाही. मग उल्हासनगर ते बदलापूर, प्रत्येक शाळेने एवढंच करावं: वर्षातून एकदा पेटकरांची गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी त्या दप्तरं सांभाळणाऱ्या मुलाला मैदानात घ्यावं. नुसती गोष्ट सांगून थांबणार असू, तर न सांगितलेली बरी.