एक्क्याण्णव मतांचा गव्हर्नर

अमेरिकेतील एखाद्या राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक अटीतटीची झाली, की मिनेसोटाची आठवण निघतेच. आपल्या वाचकांनी येथे ‘राज्यपाल’ हा शब्द मनातून काढून टाकावा. आपला राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला असतो. तेथील गव्हर्नर थेट मतदारांनी निवडलेला आणि अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्याच्या तोडीचा, क्वचित त्याहूनही बलवान असतो. तेव्हा त्या खुर्चीसाठी होणारी झुंज काही शोभेची नसते.

6 नोव्हेंबर 1962 रोजी मिनेसोटात जे मतदान झाले, त्याची वार्ता आपल्याकडे फारशी कोणाच्या कानी गेली नसावी. त्या दिवसांत सर्वांचे चित्त नेफाच्या बर्फात गुंतलेले होते. रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान गव्हर्नर एल्मर अँडरसन एका बाजूस, आणि डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाचे कार्ल रोल्व्हाग दुसऱ्या बाजूस. रोल्व्हाग हे त्याच सरकारात उपगव्हर्नर होते. तेथे ही दोन्ही पदे तेव्हा स्वतंत्रपणे निवडली जात, म्हणून प्रतिस्पर्धी एकाच इमारतीत काम करीत होते. अँडरसन हे स्वकष्टाने वर आलेले कारखानदार, तर रोल्व्हाग हे नॉर्वेहून आलेल्या वसाहतकारांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका विख्यात लेखकाचे पुत्र. त्या वर्षापासून गव्हर्नरची मुदत दोन वर्षांऐवजी चार वर्षांची व्हावयाची होती, त्यामुळे बाजी दुप्पट मोलाची झाली होती.

पहिल्या बेरजेत रोल्व्हाग 58 मतांनी पुढे होते. काही जिल्ह्यांनी आपल्या बेरजा दुरुस्त केल्या. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरल्या, तेव्हा अँडरसन 142 मतांनी पुढे गेले. मग साऱ्या राज्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडण्यात आल्या आणि वादग्रस्त मतांचा निवाडा तीन न्यायाधीशांनी केला. अखेरचा आकडा असा ठरला : रोल्व्हाग 6,19,842, अँडरसन 6,19,751. अंतर 91. मतदानानंतर 139 दिवसांनी, 25 मार्च 1963 रोजी रोल्व्हाग यांनी शपथ घेतली. तोवर अँडरसन खुर्चीवर होते. निकाल विरुद्ध जाताच अपिलाच्या वाटेस न जाता ते उठले. ज्याने शाळेत गुणांच्या फेरतपासणीचे अर्ज हाताळले आहेत, त्याला या शांतपणाचे मोल अधिक कळेल. चार गुणांसाठी पालक किती आकाशपाताळ एक करतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

येथवरची कथा लोकशाहीच्या गौरवाची आहे, आणि बहुधा ती एवढीच सांगितली जाते. तथापि आमच्या मते तिचा खरा विषय मतमोजणी नसून त्याआधीचा आठवडा आहे.

मिनेसोटातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या 35 क्रमांकाच्या महामार्गाचा एक भाग तेव्हा पुरा होत आला होता. गव्हर्नरांच्या हस्ते निवडणुकीच्या तोंडावर उद्घाटन व्हावे म्हणून काम घाईने उरकले, काँक्रीट निकृष्ट पडले, असा आरोप विरोधी पक्षाने प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत केला आणि त्याचा सर्वत्र गजर केला. पुढे चौकशीत आरोपात तथ्य आढळले नाही. परंतु चौकशीस महिने लागतात आणि मतदारापुढे दिवस उरले होते चार-पाच. या आरोपाने शेकडाभर मते फिरली नसतील, असे कोण छातीठोकपणे म्हणू शकेल? फिरलीच, असेही सिद्ध करता येत नाही; आणि नेमकी हीच अडचण आहे. मतपत्रिकांच्या पेट्या पुन्हा उघडता येतात. प्रचाराची फेरमोजणी करणारे न्यायालय कोठेही नाही.

अँडरसन यांची बाजू निखळ होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आचारसंहितेच्या आदल्या दिवशी नारळ फोडण्याची घाई आपण दर निवडणुकीस पाहतोच. शुभकार्याचा मुहूर्त जो मतदानाच्या पंचांगावरून काढतो, त्याच्याविषयी संशय घेणे सोपे जाते.

अँडरसन नोव्हेंबर 2004 मध्ये वयाच्या 95 व्या वर्षी वारले, तेव्हा वॉशिंग्टन राज्यात अशीच एक मोजणी चालू होती. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी 261 मतांनी पुढे, यंत्राच्या फेरमोजणीत 42 नी पुढे, आणि हाताने मोजताच डेमोक्रॅट ख्रिस्तीन ग्रेग्वार 129 मतांनी विजयी. सिअ‍ॅटल शहर ज्या किंग काउंटीत मोडते, तेथे चुकून बाजूला पडलेली शेकडो मते सापडली, तेव्हा रिपब्लिकनांनी संशयाचा कल्लोळ केला. तो अगदीच निराधार नव्हता. निवडणुकीचा कारभार पाहणारे राज्यमंत्री सॅम रीड स्वतः रिपब्लिकन होते, तरी त्यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध जाणारा निकाल प्रमाणित केला. जून 2005 मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला. अपात्रांची चार मते वजा होऊन अंतर 133 झाले. रॉसीही अपिलास गेले नाहीत.

हे आपल्यापासून दूरचे आहे, असे मुंबईकरांनी तरी समजू नये. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईचा निकाल 48 मतांनी लागला. आपल्याकडे विजयी उमेदवार आधी आसनस्थ होतो आणि निवडणूक अर्ज मागाहून उच्च न्यायालयात चालतो. तो सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो, पण खटले रेंगाळतात. मिनेसोटाने आधी मोजले, मग बसविले. हा क्रम आम्हांस अधिक न्याय्य वाटतो, जरी आपल्या अफाट मतदारसंख्येत तो कितपत झेपेल याची शंका आहे.

अखेरच्या घटकेच्या आरोपावर आपल्या 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एक उपाय योजला आहे. मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास जाहीर सभा बंद, चित्रपट-दूरचित्रवाणीवरील प्रचारही बंद. हा बांध घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मैदाने होती, ध्वनिक्षेपक होते. आता मतदानाच्या आदल्या रात्री अकरा वाजता एखादी बनावट चित्रफीत घराघरांतील मोबाइलवर येते. सकाळी सात वाजता केंद्रे उघडतात. आणि ती खोटी असल्याचा खुलासा, झालाच तर, दुसऱ्या दिवशीच्या अंकात आम्ही छापतो.