मोबदल्याची पहिली लढाई सातबारावर

२२ जानेवारी २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीस त्यांचा मृत्यू झाला. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या त्यांच्या सुमारे पाच एकर जमिनीला जेमतेम चार लाख रुपये मिळाले होते. शेजाऱ्यांना कितीतरी पटींनी अधिक रक्कम मिळाली आणि आपली आंब्याची झाडे मात्र हिशेबात धरली गेली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी विष घेतल्यानंतर फेरमूल्यांकनाची चक्रे फिरली. ती आधीच का फिरली नाहीत, हा प्रश्न कोणत्याही एका सरकारपुरता नाही. तो संपूर्ण व्यवस्थेचा आहे.

वस्तुतः कायदा पूर्वीइतका कृपण राहिलेला नाही. इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कायद्यात सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम मिळे. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्क्यांवर नेली. शिवाय ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतचा गुणक लावण्याची तरतूद केली. गुणक दोन असेल, तर जमिनीच्या बाजारभावाच्या चौपट रक्कम हाती येते. परंतु याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मुळातला भाव एकरी एक लाखाने कमी धरला गेला, तर शेतकऱ्याचे नुकसान चार लाखांचे होते.

हा मूळ भाव येतो कोठून? रेडी रेकनरमधून किंवा आसपासच्या गावांतील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांतून. जो अधिक, तो धरायचा. येथे सुशिक्षित समाजानेही आत्मपरीक्षण करावयास हवे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात कमी रक्कम दाखविणारा गृहस्थ केवळ सरकारी महसूलच बुडवितो असे नाही. उद्या ज्याची जमीन रस्त्यात जाणार आहे, त्या शेजाऱ्याचा मोबदलाही तो आजच कमी करून ठेवतो.

दुसरी गळती नोंदीतली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहीर, ठिबक आणि जलवाहिनी यांवर शेतकऱ्याची आयुष्याची कमाई खर्ची पडलेली असते. परंतु विहिरीची नोंद सातबारावर चढलेली नसेल, तर बागायत जमीन कागदावर जिरायतच राहते. सुरत-नागपूर महामार्गासारखा रस्ता रुंद होताना शेताचे दोन तुकडे पडतात. विहीर एका अंगाला, पीक दुसऱ्या अंगाला. अशा विभाजनाचीही भरपाई कायद्याला मान्य आहे. मात्र संयुक्त मोजणीच्या पंचनाम्यात त्याचा उल्लेख नसेल, तर पुढे निवाडा करणारा अधिकारी ती देणार कशाच्या आधारे?

न्यायालयात दाद मिळते, पण तिला वेळ लागतो. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९७ पासून दिलासा रक्कम नव्हती. एकाच गावात धरणासाठी गेलेल्या शेताला ती मिळे, महामार्गासाठी गेलेल्या शेताला नाही. हा भेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात १९ सप्टेंबर २०१९ रोजी दिला. तो पूर्वीच्या संपादनांनाही लागू आहे, हे स्पष्ट व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडले.

म्हणूनच कार्यकर्त्यांनी काही गोष्टी गावोगावी सांगितल्या पाहिजेत. नोटीस कोणत्या कायद्याखालची आहे, हे प्रथम वाचावे. कारण मुदती त्यावर ठरतात. २०१३ च्या कायद्याखाली रक्कम स्वीकारताना निषेध नोंदविला नाही, तर वाढीव मोबदल्याचा मार्ग बंद होतो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला अर्जासाठी अवघे सहा आठवडे मिळतात. आणि त्याच अधिसूचनेतील एखाद्या शेजाऱ्याचा मोबदला प्राधिकरणाने वाढविला, तर अर्ज न केलेल्यांनाही तीन महिन्यांच्या आत तशीच वाढ मागता येते. ही शेवटची तरतूद किती जणांना ठाऊक असते?

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळे जिल्ह्यातून जाणार आहे. खानदेशाने त्याची दीर्घकाळ वाट पाहिली आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण विकासाची किंमत सर्वांनी मिळून द्यायची असते. ती एकट्या सातबाराधारकाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. मोजणीची प्रत खातेदाराच्या हाती द्यावी, विहिरी व झाडांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, दोन शेजाऱ्यांच्या दरांत फरक असेल तर त्याचे कारण निवाड्यात लिहावे. यासाठी नवा कायदा नको. प्रांताधिकाऱ्यांची इच्छाशक्ती आणि जागरूक ग्रामस्थ पुरेसे आहेत. विखरणच्या शेतकऱ्याची तक्रार गावातच ऐकली गेली असती, तर त्यांना मंत्रालयाची पायरी चढावी लागली नसती.